कॉन्झर्व्हेटरी: नुसतं छप्पर बदलावं की पाडून नवी खोली बांधावी?

मृदुला_एमके

नमस्कार मंडळी. इंग्लंडात घर असलेल्या आणि हे दिव्य पार पाडलेल्या सगळ्यांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर मिल्टन कीन्समध्ये, १९८८ सालचं, डिटॅच्ड, म्हणजे शेजाऱ्यांशी भिंत न जोडलेलं. मागच्या बाजूला आधीच्या मालकांनी १९९९ मध्ये कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली, बांधली. लांबी ४ मीटर, घरापासून बाहेर ३.५ मीटर. खाली मांडीएवढी विटांची भिंत, वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीत डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) आणि डोक्यावर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या हलक्या प्लॅस्टिकचं, छप्पर. तोंड नैर्ऋत्येला.

जानेवारीत सकाळी तिथे गेलं की तोंडातून वाफ निघते. जुलैत बरोबर उलटं. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये ४०.३ अंशांचा विक्रम झाला, त्या दिवशी आमच्या त्या खोलीतल्या थर्मामीटरनं ४७ दाखवले होते. मेणबत्त्या वाकल्या. पाऊस आला की आत फोनवर बोलता येत नाही. छपराच्या पन्हाळ्यांत शेवाळ आणि मेलेल्या माश्या. एप्रिल-मे आणि सप्टेंबर सोडले तर ती सायकली, तांदळाची पोती आणि रिकामे खोके ठेवायची जागा आहे.

मग ती हवी कशाला? आईसाठी. आई सांगलीहून दर दोन वर्षांनी येते, सहा महिने राहते. या घरात तिला खरी आवडणारी जागा तीच. पहिल्यांदा आली तेव्हा आत पाऊल टाकताच म्हणाली, "अगं, हे तर अंगण आहे तुमचं." तुळस तिथे, कढीपत्त्याची दोन झाडं तिथे. वाती वळत बसते, बाहेरच्या खारी बघते. पण ऑक्टोबर संपला की शाल, त्यावर कार्डिगन, पायाशी फॅन हीटर, आणि तरी अर्ध्या तासात आत येते. मला ती खोली डिसेंबरातही बसण्यासारखी करायची आहे.

एक कंपनी म्हणते फक्त छप्पर बदला, घट्ट करा, म्हणजे काचेऐवजी इन्सुलेशन घातलेलं बंद छप्पर, १५ हजार पौंड. दुसरी म्हणते काचेचंच पण नव्या पद्धतीचं छप्पर घाला. नवरा म्हणतो सगळं पाडून रीतसर एक्स्टेंशन, म्हणजे घराला जोडून पक्की खोली, बांधू. तुम्ही काय केलंत? आज काय वेगळं केलं असतं?

शेवगा_लेस्टर

कढीपत्ता जगतो तुमच्याकडे?? माझी चार झाडं गेली. आधी ते कसं केलंत सांगा, छपराचं नंतर बघू.

अभिजित_लीड्स

आम्ही २०१९ मध्ये फक्त छप्पर बदललं. जुनं पॉलिकार्बोनेट काढलं, त्या जागी हलकं सांगाड्याचं छप्पर, मध्ये इन्सुलेशन, वर हलक्या कौलांसारख्या टाइल, आतून प्लास्टर. काम चार दिवसांत झालं, पाचव्या दिवशी रंगारी आला. थंडीत जमीन-अस्मानाचा फरक. पावसाचा आवाज बंद. मुलांचा अभ्यास आता तिथेच चालतो.

एक मात्र कुणीच आधी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघर त्या खोलीच्या मागे आहे, आणि त्याला उजेड मिळायचा तो त्या छपरातूनच. आता भर दुपारी ओट्यावर दिवा लावावा लागतो. बायको अजून ऐकवते. मृदुलाताई, तुमच्या कॉन्झर्व्हेटरीमागे कुठली खोली आहे ते आधी बघा. आणि बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांप्रमाणे झालं हे तपासणाऱ्यांचा, दाखला घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

पुण्याची_अनघा

बाळबोध प्रश्न विचारते. काचेची खोली, उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ. मग तिकडचे लोक ही बांधतात तरी का? आमच्या सोसायटीत गच्चीवर पारदर्शक पत्रे घातलेल्यांनी दोन वर्षांत त्यावर हिरवी जाळी टाकली.

समीर_स्लाव

मी स्वस्तातला मार्ग घेतला होता, तो सांगतो म्हणजे दुसरं कुणी त्या वाटेनं जाणार नाही. पॉलिकार्बोनेट तसंच ठेवून त्याच्या खालून पट्ट्या ठोकायच्या, फॉइलचं इन्सुलेशन ताणायचं, वर पांढरी पॅनेलं. दोन दिवसांत काम, साडेचार हजार पौंड. पहिला हिवाळा मस्त गेला. दुसऱ्या हिवाळ्यात पॅनेलच्या सांध्यांतून थेंब पडायला लागले. मला वाटलं छप्पर गळतंय. एक पॅनेल उतरवलं तर वरची लाकडी पट्टी काळीठिक्कर, बुरशीनं भरलेली. ज्यांनी काम केलं त्यांचा फोन तोवर बंद झाला होता.

पुढच्या वर्षी घर विकायला काढलं तेव्हा खरेदीदाराच्या सर्व्हेयरनं पहिला प्रश्न तोच विचारला: या छताचा दाखला कुठे आहे? नव्हता. किमतीत सहा हजार सोडले. म्हणजे स्वस्तातलं छत साडेदहा हजारांना पडलं.

नेने_सिव्हिल

समीर, तुझ्याकडे जे झालं त्याचं कारण सांगतो. घरातली गरम हवा ओलसर असते. स्वयंपाक, आंघोळी, श्वास, वाळत घातलेले कपडे. ती फटींतून वर चढते आणि थंड पॉलिकार्बोनेटला लागली की पाणी होते. पूर्वी ते पाणी तुला काचेवर दिसायचं, तू पुसायचास. इन्सुलेशन लावल्यावर वरचं छप्पर आणखी थंड झालं आणि पाणी नजरेआड साठायला लागलं. उबेच्या बाजूला बाष्परोधक थर हवा, सांधे टेपनं बंद हवेत, आणि इन्सुलेशनच्या वर हवा खेळायला जागा हवी. दोन दिवसांच्या कामात हे होत नाही.

आता मृदुलाताईंचा मूळ प्रश्न. मी इथे तीस वर्षं बांधकामात आहे, म्हणून आकड्यांनीच बोलतो. बाहेर शून्य, आत २० धरा. छताचं क्षेत्रफळ उतारासकट साधारण १६ चौरस मीटर. त्या काळच्या १६ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची यू-व्हॅल्यू २.४ च्या आसपास, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की चौरस मीटरमागे इतके वॉट बाहेर जातात. १६ गुणिले २.४ गुणिले २० म्हणजे ७६८ वॉट नुसत्या छतातून जातात. तीन बाजूंची काच साधारण १६.५ चौरस मीटर, जुनं डबल ग्लेझिंग २.८ धरलं तर ९२४ वॉट. दोन्ही मिळून जवळजवळ १७०० वॉट. जमीन, बुटकी भिंत आणि फटी यांत धरलेल्या नाहीत.

नवं घट्ट छप्पर इंग्लंडच्या आजच्या नियमाप्रमाणे ०.१५ चं केलं तर छतातून ४८ वॉट. पण काचेतून जाणारे ९२४ तसेच राहतात. नुसतं छप्पर बदलून तुम्ही १७०० वरून ९७० वर येता. काचाही १.४ च्या घातल्या तर ५१० वर. म्हणून छपराचं पत्रक दाखवणारा विक्रेता खोटं बोलत नसतो, अर्धंच बोलत असतो.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. कोपऱ्यात, भिंतीला लागून एक खड्डा खणा आणि पाया किती खोल आहे ते बघा. पॉलिकार्बोनेट वजनाला काहीच नसतं. काच प्रत्येक मिलिमीटर जाडीला, प्रत्येक चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. म्हणजे ४ मिलिमीटरच्या दोन काचांचं छप्पर चौरस मीटरला २० किलो. घट्ट छप्पर त्याहून जड, त्यावर बर्फ बसलं तर आणखी. १९९९ मध्ये हलक्या छपरासाठी घातलेला पाया ते पेलेल का, हा पहिला प्रश्न. तुमच्या भागात ऑक्सफर्ड क्ले आहे. ब्लेचलीला विटांचे कारखाने होते ते त्याच मातीवर. ही चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात फुगते. आपल्याकडची काळी माती डोळ्यांसमोर आणा.

शेवगा_लेस्टर

नेनेकाका, वाचनखूण साठवली. कढीपत्त्याचा प्रश्न अजून उभा आहे.

लोकेश_डर्बी

अनघाताई, तुमचा प्रश्न मुळीच बाळबोध नाही. इथल्या लोकांनाही तो दोनशे वर्षांपूर्वी पडला होता. 🙂 मूळ कल्पना झाडांची होती. संत्री-लिंबाची झाडं थंडीत जगवायला श्रीमंतांनी काचेच्या खोल्या बांधल्या. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५१ चं क्रिस्टल पॅलेस बांधणारा जोसेफ पॅक्स्टन त्याआधी आमच्या जवळच्या चॅट्सवर्थला ड्यूककडे मुख्य माळी होता. तिथे त्यानं ग्रेट कॉन्झर्व्हेटरी उभारली, १८४१ मध्ये पुरी झाली. आतून घोडागाडी फिरायची म्हणतात! ती उबदार ठेवायला जमिनीखाली आठ बॉयलर होते. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि १९२० मध्ये ती सुरुंग लावून पाडली. म्हणजे ड्यूकलासुद्धा गरम करण्याचा खर्च पेलला नाही.

साध्या घरांत ही आली ती प्लॅस्टिकच्या चौकटी आणि पॉलिकार्बोनेट स्वस्त झाल्यावर. पण झाडांसाठीची खोली माणसांसाठी वापरायला घेतली, तिथेच गोम आहे. झाडाला ऊन लागतं, माणसाला सोफ्यावर बसायचं असतं.

पुण्याची_अनघा

किती छान माहिती! मग आपली पडवी जास्त शहाणी म्हणायची. वर घराचंच छप्पर, बाजू उघड्या. माझ्या आजोळी गुहागरकडे पावसाळ्याआधी पडवीला माडाच्या झावळ्या बांधून झड अडवायचे, दिवाळीत काढायचे. ऋतूप्रमाणे खोली बदलायची.

वर्षा_ब्रिस्टल

काचेच्या छपराची बाजू कुणी घेत नाही, म्हणून मी घेते. आमची खोली ईशान्येला. २०२१ मध्ये पॉलिकार्बोनेट काढून सोलर कंट्रोल, म्हणजे उन्हाची उष्णता कमी आत सोडणाऱ्या, काचेचं छप्पर घातलं आणि बाजूच्या काचाही बदलल्या. यू-व्हॅल्यू साधारण १.१. घट्ट छपराइतकी ऊब नाही, हे मान्य. पण रात्री आडवं पडून चंद्र दिसतो, बर्फ पडताना बघता येतो, मागची खोली अंधारात गेली नाही. सकाळी तासभर हीटर लावतो आणि दिवसभर बसतो. पाऊस ऐकू येतो, पण हळू. आमच्याकडे पाया तपासून घेतला होता, तो ठीक निघाला.

प्रत्येकानं घट्ट छपराच्या मागे धावायची गरज नाही. मृदुला, तुझी आई तिथे का बसते, हे तू स्वतःच लिहिलं आहेस. अंगण म्हणून. वर जिप्समचं छत आलं की ती आणखी एक बैठकीची खोली होईल.

नेने_सिव्हिल

वर्षाताई, ईशान्येला तुमचं बरोबर आहे. मृदुलाताईंची खोली नैर्ऋत्येला आहे. तिथे प्रश्न नुसता थंडीचा नाही. दुपारी तीनचं जुलैचं ऊन थेट छपरातून येतं, आणि यू-व्हॅल्यू त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी जी-व्हॅल्यू बघावी लागते, म्हणजे सूर्याच्या उष्णतेचा किती भाग काच आत सोडते. आतल्या बाजूला पडदे लावून फार फायदा नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा बाहेरून हवा.

पण "आई तिथे का बसते" हे तुम्ही विचारलंत ते योग्य विचारलंत. मी नुसते वॉट मोजत बसलो होतो.

अभिजित_लीड्स

काका, माझ्याकडे पाया खणून कुणीच बघितला नव्हता. 😬 इन्स्पेक्टर आला, खालच्या भिंतीला तडे आहेत का ते पाहिलं, कागदपत्रं पाहिली आणि सही केली. आता झोप लागणार नाही.

नेने_सिव्हिल

अरे, पाच वर्षांत तडा नाही ना? मग झोप. बऱ्याच जागी खालची माती चांगली असते आणि पायाही बरा असतो. पण मिल्टन कीन्सच्या चिकणमातीवर मी अंदाजाने हो म्हणणार नाही.

संहिता_मिडलसेक्स

आमची चूक वेगळी होती. घर आणि कॉन्झर्व्हेटरी यांच्यामधला सरकता दरवाजा आम्ही काढून टाकला, सगळं मोकळं आणि मोठं दिसावं म्हणून. त्या वर्षी बिल आलं तेव्हा डोळे पांढरे झाले. अख्ख्या घराची ऊब त्या छपरातून आकाशात जात होती. शिवाय कळलं की इंग्लंडात कॉन्झर्व्हेटरीला बिल्डिंग रेग्युलेशनमधून सूट असते ती काही अटींवर: जमिनीवर असावी, ३० चौरस मीटरच्या आत असावी, घराशी मध्ये बाहेरच्या दर्जाचं दार-भिंत असावी, आणि गरम करण्याची सोय घराच्या सोयीपासून वेगळी असावी किंवा तिचं नियंत्रण स्वतंत्र असावं. दार काढलं की सूट गेली. विकताना आम्हाला पुन्हा दार बसवावं लागलं.

फॅन हीटरचाही हिशेब देते. २०२२ च्या हिवाळ्यात वीज ३४ पेन्स युनिट होती. २ किलोवॉटचा हीटर पाच तास लावला की ३ पौंड ४० पेन्स. महिन्याला शंभरावर. आणि पाय भाजतात, पाठ गारच.

मुकुंद_एडिसन

आमच्याकडे न्यू जर्सीत विकतानाच दोन नावं असतात: थ्री सीझन रूम आणि फोर सीझन रूम. पहिलीला इन्सुलेशन नाही, दुसरीला घरासारखं सगळं. घेणाऱ्याला आधीच कळतं. आमची थ्री सीझन आहे, डिसेंबरात तिथे श्रीखंडाचा चक्का टांगतो. नैसर्गिक फ्रिज.

टिळकरोडकर

मृदुलाताई, गरम खोली केलीत तर चक्का कुठे टांगणार याचाही विचार करा. कृहघ्या (कृपया हलके घ्या). 😀

गौरी_हॅरो

आम्ही गणपती कॉन्झर्व्हेटरीतच बसवतो, सगळ्यांना उभं राहता येतं म्हणून. एका वर्षी गणपती सप्टेंबरच्या शेवटी आले. पंचवीस माणसं, आरत्या, कापूर, गरम मोदक. काचांवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले आणि मखराचा क्रेप कागद रंग सोडून पांढऱ्या चौकटीवर गुलाबी उतरला. तो डाग अजून आहे. नेनेकाकांचं ओलसर हवेचं स्पष्टीकरण वाचलं आणि आता उलगडा झाला. नव्या खोलीत हवा बाहेर जायला झरोके नक्की ठेवा, खिडकीच्या वरच्या पट्टीत येतात तसले तरी.

मृदुला_एमके

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री नवऱ्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले.

वर्षा, तू बरोबर ओळखलंस, उजेड गेला तर आई तिथे बसणारच नाही. अभिजित, आमच्या मागेही स्वयंपाकघरच आहे. कॉन्झर्व्हेटरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये १.८ मीटरचा पॅटिओ दरवाजा आहे, तेवढाच उजेड. नेनेकाका, शनिवारी खड्डा खणणार.

राजेंद्र_कव्हेंट्री

खणण्याआधी आतला गालिचा उचलून बघा. सांडपाण्याच्या नळीवरचा मॅनहोल आहे का?

मृदुला_एमके

अरे देवा. आहे! गालिच्याखाली, कोपऱ्यात, तांदळाच्या पोत्यांखाली. दहा वर्षं तिथे आहे आणि मी त्यावर कधी विचारच केला नाही.

राजेंद्र_कव्हेंट्री

मग आधी तेच बघा. १ ऑक्टोबर २०११ पासून शेजाऱ्यांशी सामायिक असलेल्या बऱ्याचशा सांडपाण्याच्या नळ्या पाणी कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. तुमची नळी फक्त तुमच्याच घराची असेल तर प्रश्न सोपा. शेजारच्यांचंही पाणी त्यातून जात असेल तर तिच्यावर किंवा तिच्यापासून ३ मीटरच्या आत बांधायला कंपनीची लेखी परवानगी लागते. आमच्याकडे हे अर्ध्या कामात कळलं. खोदलेला खड्डा, त्यात पाणी, आणि सहा आठवडे कुणी कामाला नाही. त्यांच्याकडून नकाशा मागवा आणि ड्रेनमध्ये कॅमेरा घालून घ्या.

पाडून बांधणार असाल तर प्लॅनिंगचंही बघा. डिटॅच्ड घराला मागे एकमजली ४ मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधता येतं, जोडघराला ३ मीटर. उंचीच्या आणि आवाराच्या अटी आहेत. पण काही वसाहतींत ही मुभा मूळ परवानगीतच काढून घेतलेली असते, म्हणून घराची कागदपत्रं बघा. लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकामाला वेगळी परवानगी लागत नाही असा कौन्सिलचा दाखला, घेतलंत तर विकताना त्रास नाही. शेजाऱ्याच्या भिंतीपासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणणार असाल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा लागतो, नोटीस द्या. आम्ही नोटिशीसोबत बेसनाचे लाडू दिले होते, दुसऱ्या दिवशी सही करून परत आली.

ऋजुता_अबर्डीन

नियम वाचणाऱ्यांसाठी: हे इंग्लंडचं चाललं आहे. स्कॉटलंडात बिल्डिंग वॉरंटची (बांधकामाआधी घ्यायच्या परवान्याची) वेगळी पद्धत आहे. स्थानिक कौन्सिलला विचारा, इथलं वाचून कुदळ मारू नका.

समीर_स्लाव

आणि पैशांचं. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डानं द्या, थोडी का असेना. कामाची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३० हजारांपर्यंत असेल तर १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते, रक्कम अर्धवट कार्डावर भरली असली तरी. मी रोखीनं दिले होते, म्हणून हात चोळत बसलो.

मृदुला_एमके

खड्डा खणला. पाया ४० सेंटिमीटर! त्याखाली पिवळी-राखाडी चिकणमाती, कुदळीला लोण्यासारखी चिकटते. एका बाजूला कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं विलो आहे, त्याची मुळं खड्ड्यात दिसली. फोटो नेनेकाकांना संदेशातून पाठवला आहे.

नेने_सिव्हिल

पाहिला. ताई, या पायावर काहीही जड चढवू नका. विलो हे चिकणमातीतल्या सर्वांत तहानलेल्या झाडांपैकी एक. इथे नवा पाया किती खोल लागेल ते स्ट्रक्चरल इंजिनियर त्या झाडाचं अंतर मोजून ठरवेल, एक मीटरवर भागणार नाही. पंधरा हजारांचं छप्पर विकणाऱ्यानं हा खड्डा खणून पाहायला सांगितलं होतं का?

मृदुला_एमके

नाही. त्यानं लेझरनं लांबी-रुंदी मोजली आणि टाइलचे रंग दाखवले.

पाडायचं ठरलं आहे. छाती धडधडतेय, पण ठरलं.

*(पुढचे प्रतिसाद एका वर्षानंतरचे)*

मृदुला_एमके

धागा वर काढतेय. तुमच्यापैकी काहींनी संदेशातून विचारलं होतं, म्हणून झालं ते सगळं लिहिते.

कॅमेरा घातला. नळी फक्त आमचीच निघाली, पण मॅनहोल खोलीच्या आत ठेवायचा नाही असं ठरवलं आणि बाहेर हलवला. त्याचेच अठराशे पौंड. विलोमुळे पाया दीड मीटरच्या पुढे गेला. पहिला अंदाज ३८ हजारांचा होता, शेवटी ४६ गेले. नऊ आठवडे म्हणाले होते, चौदा लागले. पाच आठवडे आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला प्लायवूड लावून राहिलो.

खोली तेवढ्याच जागेवर आहे, ४ बाय ३.५. पण आता ती घराचाच भाग आहे. जमिनीखाली, भिंतींत आणि छतात इन्सुलेशन, जमिनीत पाण्याची गरम नळी. सगळ्यात मोठी झटापट काचेची. नियमाप्रमाणे अशा खोलीत काच किती, तर खोलीच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्के अधिक जुनी जी दारं-खिडक्या झाकली गेली त्यांचं क्षेत्रफळ. आमचे १४ चौरस मीटरचे साडेतीन आणि पॅटिओ दरवाज्याचे ३.८, एकूण ७.३. मला बागेकडे मोठं सरकतं दार हवं होतं, छतात दोन रूफलाइट, म्हणजे उघडणाऱ्या खिडक्या, आणि आईच्या खुर्चीशेजारी एक खिडकी. बेरीज आठच्या वर गेली. मग नेनेकाकांनी सुचवलं तसं ट्रिपल ग्लेझिंग घेतलं आणि छतात इन्सुलेशन वाढवलं. सगळा हिशेब मांडून दाखवल्यावर इन्स्पेक्टरनं मान्य केलं. नैर्ऋत्येच्या बाजूला छप्पर ७० सेंटिमीटर पुढे काढलं आहे. जुलैच्या दुपारी वरून येणारं ऊन बाहेरच अडतं, डिसेंबरात सूर्य खाली असतो तेव्हा थेट आत येतं. खिडकीची कट्टी ४० सेंटिमीटर रुंद केली, तुळशीसाठी.

रूफलाइट स्वयंपाकघराच्या दाराजवळ ठेवले. अभिजित, तुझ्यामुळे. ओट्यावर दुपारी दिवा लागत नाही.

आज बाहेर १ अंश आहे. आत २० वर थांबवलं आहे, आणि नळी दिवसातून दोनदा थोडा वेळ चालू होते, बस. आई ऑगस्टमध्ये आली. आत्ता खिडकीशेजारी बसून शेंगदाण्याची टरफलं पाखडतेय. शाल खुर्चीच्या पाठीवर आहे. पहिल्या दिवशी मात्र म्हणाली, "पावसाचा आवाज येत नाही गं." ते मला लागलं. आता पाऊस आला की ती स्वतः उठून रूफलाइट बोटभर उघडते आणि थोडा वेळ ऐकते.

वर्षा_ब्रिस्टल

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. रूफलाइटला पावसाचा सेन्सर लावला असेल तर बंद कर तो, नाहीतर थेंब पडताच आपोआप मिटेल.

मृदुला_एमके

तेच केलं!

नेने_सिव्हिल

छान झालं. दाखला आला ना हातात?

मृदुला_एमके

आला, काका. घराच्या फायलीत ठेवला, एक प्रत भावाकडे सांगलीला.

शेवगा_लेस्टर

अभिनंदन! आणि आता तरी. कढीपत्ता.

मृदुला_एमके

शेवगा, वर्षभर वाट बघितलीस, सांगते. थंडीत त्याची पानं पिवळी पडून गळतात, ते मेलं असं समजून लोक भरपूर पाणी घालतात आणि मुळं कुजतात. तो झोपलेला असतो. जुन्या खोलीत मी त्याला नोव्हेंबरात उचलून घरात बॉयलरच्या खोलीत न्यायची, मार्चपर्यंत तीन आठवड्यांतून एकदा कपभर पाणी, तेही कुंडीची माती बोटभर कोरडी असेल तरच. एप्रिलमध्ये शेंडे खुडायचे, मग फांद्या फुटतात. यंदा मात्र तो पहिल्यांदाच जागेवरून हलवला नाही. खिडकीत तुळशीशेजारी आहे, आणि आज सकाळी आईनं त्यातली सहा पानं तोडून पोह्यांत घातली.

शेवगा_लेस्टर

डिसेंबरात घरचा कढीपत्ता! पत्ता पाठवा, कुंडी घेऊन येतो.